३७२ कोटींचे धरण १८ हजार कोटींचे कसे झाले? गोसीखुर्दचा हिशेब

१/ सार्वजनिक बांधकामे इतकी महाग का होतात, या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात : महागाई आणि भ्रष्टाचार. दोन्हींत तथ्य आहे; परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. उरलेला हिशेब कोठे दडलेला असतो, हे विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाच्या इतिहासावरून कळते.

२/ भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन नगर आहे. तेथील बौद्ध स्तूपांचे अवशेष आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. याच पवनी तालुक्यात हे धरण आहे. १९८३ साली राज्य शासनाने त्यास मान्यता दिली, तेव्हाचा अंदाजित खर्च होता ३७२ कोटी रुपये. एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले.

३/ २००९ साली केंद्राने त्यास ‘राष्ट्रीय प्रकल्प’ घोषित केले. तोवर खर्चाचा अंदाज ७,७०० कोटींच्या पुढे गेला होता. पुढे २०१२-१३ च्या दरांनुसार तो १८,४९४ कोटी ठरला. तीस वर्षांत जवळजवळ पन्नासपट!

४/ यात महागाईचा वाटा किती? याच तीस वर्षांत देशातील घाऊक किमती सुमारे सात ते आठपट झाल्या. म्हणजे केवळ महागाई धरली, तर ३७२ कोटींचे फार तर तीन हजार कोटी व्हावयास हवे होते. मग वरचे साडेपंधरा हजार कोटी कोठून आले?

५/ पहिले कारण म्हणजे मूळ आकडाच तोकडा होता. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पाचा पहिला अंदाज पुष्कळदा सविस्तर सर्वेक्षणापूर्वीच मांडला जातो, आणि आकडा लहान असला की मान्यता लवकर मिळते. एकदा पाया खणला गेला की माघार घेणे कोणत्याच सरकारला परवडत नाही. मग येते सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजेच सरकारी कचेऱ्यांतील ‘सुप्रमा’. आराखडा बदलतो, कामाचा आवाका वाढतो, आणि त्यामागून आकडाही.

६/ दुसरे कारण म्हणजे माणसांची किंमत उशिरा मोजली गेली. बुडिताखालील जमिनीचे संपादन १८९४ च्या वसाहतकालीन कायद्याने झाले. प्रकल्पग्रस्तांना दीर्घकाळ आंदोलने करावी लागली. २०१३ साली राज्याने त्यांच्यासाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज दिले. ही रक्कम मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक आहे! या पैशास ‘वाढीव खर्च’ म्हणणे कितपत योग्य? तो आरंभापासूनच देणे होता; कागदावर मात्र तीस वर्षांनी उमटला.

७/ तिसरे कारण विलंब. मर्यादित निधी एकाच वेळी अनेक प्रकल्पांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडाथोडा येतो आणि एकही वेळेत पुरा होत नाही. दरम्यान नवी दरसूची लागू होते, आस्थापनेचा खर्च चालूच राहतो, अर्धवट कामांची झीज होते.

८/ चौथे कारण देखरेखीचा अभाव. २००९ साली अवघ्या काही महिन्यांत विदर्भातील ३८ सिंचन प्रकल्पांची एकूण किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यास मान्यता मिळाली. त्यावरून उठलेले वादळ राज्याच्या राजकारणात वर्षानुवर्षे घोंघावत राहिले. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचे अस्तरीकरण तर निकृष्ट ठरले, आणि ते काढून पुन्हा करण्याची पाळी आली. एकाच कामावर दोनदा खर्च!

९/ एक खर्च मात्र कोणत्याही सुप्रमेत सापडत नाही. या प्रकल्पातून अडीच लाख हेक्टर जमीन भिजावयाची होती. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची एक पिढी कालव्याच्या पाण्याची वाट पाहत पावसाच्या भरवशावर शेती करीत राहिली. दुसरीकडे त्याच पाण्यासाठी गावे उठली होती.

१०/ म्हणून एखाद्या प्रकल्पाची किंमत ‘वाढली’ असे वाचनात आले, तर प्रथम त्याचा मूळ अंदाज काढून पाहावा. त्यात काय लिहिले आहे याहून काय गाळले आहे, हे अधिक बारकाईने वाचावे. गाळलेल्या प्रत्येक रकमेचे देणे पुढे कोणीतरी फेडतेच. गोसीखुर्दमध्ये ते आधी विस्थापितांनी आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी फेडले. सरकारी तिजोरीची पाळी नंतर आली.