‘फिंगर पेंटिंग’ : एका संज्ञेचे मराठीतील स्थलांतर

बालवाड्यांच्या वेळापत्रकात ‘फिंगर पेंटिंग’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिला मराठी पर्याय हवा, असे कोणास वाटेनासे झाले आहे. ‘अंगुलिचित्रण’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष. पण तो कोणाच्या तोंडी नाही. ‘बोटांनी रंगवणे’ म्हटले की संज्ञा हरपते, केवळ क्रियेचे वर्णन उरते. ही अडचण शब्दसंपत्तीच्या दारिद्र्यातून आलेली नाही. बोटाने उमटवलेल्या खुणांसाठी जिच्यात इतकी क्रियापदे आहेत, त्या भाषेने त्या सर्वांना कवेत घेणारे नाम का घडवले नाही, हा खरा प्रश्न आहे.

इंग्रजी संज्ञेचा आजचा अर्थ फार जुना नाही. रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेने रोम येथे मुलांना शिकवत असताना बोटांनी वापरण्याजोगा रंग सिद्ध केला. जखमेला लावण्यास दिलेले आयोडीन एका मुलाने भिंतीवर फासले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी तिची कथा सांगतात. 1934 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकाच्या शीर्षकातच हे माध्यम आत्माविष्काराशी जोडलेले आहे. म्हणजे या संज्ञेत ‘बोट’ हे साधन असले, तरी तिचा गाभा ‘आत्म’ हा आहे. चीनमधील अंगुलिचित्रांची परंपरा याहून निराळी. गाओ छीपेई (1660–1734) याने बोटांनी आणि नखांनी चित्रे काढली ती प्रौढ, अभ्यस्त चित्रकार म्हणून. कुंचला त्याला अवगत होता. त्याने तो बाजूस ठेवला. शॉच्या मुलाच्या हाती कुंचला यायचा आहे. एकाच इंग्रजी नावाखाली या दोन गोष्टी वावरतात, त्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

मराठीत ‘बोट’ हा शब्द अवयवापुरता थांबत नाही. ‘चार बोटे रुंद’ म्हणताना ते माप होते. ‘मधाचे बोट’ म्हणताना बोटावर मावणारा पदार्थ. आणि ‘कुंकवाचे बोट’ म्हणताना कपाळावर वा उंबऱ्यावर उमटलेली खूण. साधन, परिमाण आणि चिन्ह ही तिन्ही एका शब्दात एकवटलेली आहेत. पान खाणारा चुन्याचे उरलेले बोट भिंतीला पुसतो, तेव्हाही हीच अर्थव्याप्ती कामास येते, हे जाता जाता नोंदवावे. क्रियापदे तर कृतीगणिक बदलतात. हळदकुंकवाची बोटे ‘ओढतात’, रांगोळी ‘घालतात’ किंवा ‘काढतात’, चौक ‘भरतात’, शेंदूर ‘लेपतात’, तीट ‘लावतात’. गौरीच्या आगमनाला मुठीच्या कडेने पाऊल आणि बोटांच्या अग्रांनी त्याची पाच बोटे उमटवली जातात. हाताने पाय काढण्याच्या या कृतीत ‘बोट’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांवर ठेवलेले दिसतात.

या कृतींना समान नाव मिळाले नाही, कारण त्यांचे वर्गीकरण साधनावरून नव्हे, तर प्रयोजनावरून झाले. शास्त्रग्रंथही येथे साधनाला प्राधान्य देत नाहीत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त विद्ध, अविद्ध, भाव, रस आणि धूलिचित्र असे प्रकार येतात. त्यांतील धूलिचित्र आपल्या रांगोळीला जवळचे. रांगोळी अक्षरशः अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून उतरते. तरीही तिला ‘फिंगर पेंटिंग’ म्हणण्यास कोणी धजत नाही. त्या संज्ञेला ओला रंग हवा, कागद हवा आणि मुख्यतः त्या कागदाचा एक धनी हवा.

हा धनी कोण, येथे प्रश्न गंभीर होतो. डहाणू परिसरातील वारली सवाशिणी लग्नाचा चौक ‘लिहितात’. तांदळाच्या पिठाचा रंग आणि बांबूची काडी हे त्यांचे साहित्य, म्हणून त्यास अंगुलिचित्र म्हणणे चुकीचे. परंतु ‘लिहिणे’ हे क्रियापद मोलाचे आहे. संस्कृत ‘आलेख्य’ या शब्दात चित्र आणि लेखन यांचे जे ऐक्य आहे, ते या बोलीत जिवंत राहिले. 1970 नंतर ही चित्रे कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांच्यासारखा थोर चित्रकार जगापुढे आला, आणि त्याबरोबरच चित्राखाली नाव आले. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या स्त्रियांचे लेखन मात्र अनामच राहिले. नाम मिळाले की कर्ता मिळतो. क्रियापदात कर्ता अध्याहृत राहू शकतो.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हेच सारवणाबाबत घडले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि आकुर्डी, भोसरी, पुढे चाकणच्या आसपासच्या गावांतील मातीच्या जमिनी फरशीखाली गेल्या. शेणाने सारवताना बोटांच्या ओळीने एकात एक गुंतलेल्या कमानी उठत. त्यांत लय होती, मोजमाप होते, हातागणिक वळण निराळे होते. तरी त्यांना ‘चित्र’ म्हटले गेले नाही. ते ‘काम’ होते. आपल्या कलासमीक्षेची भाषाही याला साक्ष आहे. कुंचल्याचा तो ‘फटकारा’, बोटांचे ते ‘फराटे’. पहिला शब्द गौरवाचा, दुसरा दटावणीचा.

चाकणच्या मोटार कारखान्यांतील रंगविभागात उघड्या बोटाचा स्पर्श वर्ज्य असतो. कातडीच्या स्निग्धतेने रंगाची पकड सैल होते, पृष्ठभागावर डाग धरतो. तेथे बोटाची खूण हा दोष ठरतो. तीच गाडी विक्रीस निघाल्यावर तिच्या निर्दोष रंगावर कोणी कुंकवाच्या बोटाने स्वस्तिक काढते. खंडेनवमीला यंत्रांवरही हळदकुंकवाची बोटे ओढली जातात. कामगार या कृतीला पूजा म्हणतो. त्याच्या वसाहतीतील बालवाडीत त्याचे मूल तीन बोटे रंगात बुडवून कागदावर ओढते, आणि शिक्षिका त्या कागदाच्या कोपऱ्यात मुलाचे नाव लिहून ठेवते.