डॉक्टर हू (चित्रकथामालिका)

डॉक्टर हू (चित्रकथामालिका) : बीबीसीच्या याच नावाच्या विज्ञानकल्पित दूरचित्रवाणी मालिकेतील नायकाची साहसे पुढे चालवणारी ब्रिटिश चित्रकथा. १४ नोव्हेंबर १९६४ च्या ‘टीव्ही कॉमिक’ या मुलांच्या साप्ताहिकात ती प्रथम आली. पुढे साप्ताहिके, प्रकाशक, लेखक, चित्रकार सगळे बदलले; नायक तेवढा टिकला.

आपल्याकडे प्रवास बहुधा उलट्या दिशेने होतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी पुस्तकात आला, मग दूरदर्शनवर. इंद्रजाल कॉमिक्समुळे ओळखीचा झालेला फ्लॅश गॉर्डनही १९३४ मध्ये वर्तमानपत्रात जन्मला आणि दोन वर्षांनी पडद्यावर गेला. डॉक्टर मात्र पडद्यावरून कागदावर उतरला, आणि पडदा बंद पडल्यावर कागदावरच राहिला. या चित्रकथेचे खरे महत्त्व इथे आहे.

मूळ मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे जन्माने लखनौचे. ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा भटक्या. त्याचे टार्डिस हे यान बाहेरून रस्त्यावरच्या निळ्या पोलीस-चौकीएवढे, आतून अफाट; ते स्थळकाळात कुठेही जाते. मरणाच्या दारी पोचला की डॉक्टरचे शरीर आणि चेहरा पालटतो. नट बदलता यावा म्हणून काढलेली ही युक्ती. तिच्यामुळे पुढे चित्रकथेची सोयही झाली आणि पंचाईतही.

‘टीव्ही कॉमिक’मधला काळ कलेच्या दृष्टीने बेतास बात. पहिले चित्रकार नेव्हिल मेन. पडद्यावरची सोबती मंडळी चित्रकथेत नव्हती. त्यांच्या जागी जॉन आणि गिलियन अशी दोन नातवंडे आणून बसवली होती. डालेक हे मालिकेतले सर्वांत गाजलेले शत्रूही सुरुवातीला वापरता येईनात. त्यांची चित्रकथा १९६५ पासून ‘टीव्ही सेंच्युरी २१’ या दुसऱ्याच साप्ताहिकात रंगीत छापून येत होती. मग ‘ट्रॉड’ नावाचे बदली यंत्रमानव उभे करून वेळ मारून नेली गेली.

तरी याच काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. जून १९६९ मध्ये मालिकेतल्या दुसऱ्या डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपारीची शिक्षा झाली. नव्या चेहऱ्याचा डॉक्टर पडद्यावर आला तो जानेवारी १९७० मध्ये. साप्ताहिकाला इतके थांबणे परवडणारे नव्हते. तेव्हा चित्रकथेने जुन्याच चेहऱ्याच्या डॉक्टरला लंडनच्या एका हॉटेलात उतरवले, तिथून काही साहसे करायला लावली, आणि शेवटी चालत्या-फिरत्या बुजगावण्यांकरवी त्याची शिक्षा पुरी करून घेतली. मालिकेने सोडलेली फट चित्रकथेने स्वतःच्या कल्पनेने बुजवली, ती अशी.

१९७१ मध्ये चित्रकथा ‘काउंटडाउन’ या साप्ताहिकात गेली. इथे हॅरी लिंडफील्ड आणि जेरी हेलॉक यांच्या हाताने चित्रांचा दर्जा एकदम वाढला. १९७३ मध्ये ती पुन्हा ‘टीव्ही कॉमिक’मध्ये आली आणि १९७९ मध्ये तिथली संपली. शेवटी शेवटी काटकसर इतकी, की जुन्याच कथा पुन्हा छापायच्या आणि आधीच्या डॉक्टरच्या धडावर तेव्हाच्या डॉक्टरचे, म्हणजे टॉम बेकर या नटाचे डोके काढून चिकटवायचे.

ऑक्टोबर १९७९ मध्ये मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने ‘डॉक्टर हू वीकली’ काढले आणि चित्रकथेचे नशीब पालटले. हेच नियतकालिक १९८० मध्ये मासिक झाले. संपादक डेझ स्किन, लेखक पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर, चित्रकार डेव्ह गिबन्स. ‘द आयर्न लीजन’ या पहिल्याच कथेत रोमन साम्राज्य कधी कोसळलेच नाही अशी पृथ्वी आहे आणि तिचे यंत्रसैनिक इंग्लंडातल्या खेड्यावर चाल करून येतात. बीबीसीच्या तुटपुंज्या खर्चात असले सैन्य उभे राहणे अशक्य. गिबन्सला शाई तेवढी लागत होती. पुढे ‘वॉचमेन’ या चित्रकथेमुळे जगभर नाव झालेल्या गिबन्सचा हात इथेच तयार झाला, असे म्हणायला हरकत नाही. अ‍ॅलन मूरनेही १९८०-८१ मध्ये याच अंकांत डॉक्टरविना छोट्या पूरक कथा लिहिल्या.

१९८० मधली ‘द स्टार बीस्ट’ ही या चित्रकथामालिकेतली सर्वांत ओळखीची कथा. ब्लॅककॅसल या औद्योगिक गावातल्या शाळकरी मुलांना बीप द मीप नावाचा जखमी, केसाळ, मोठ्या डोळ्यांचा प्राणी सापडतो. बोलण्यात तो गरीब गाय. त्याच्या मनात मात्र काय शिजते आहे ते वाचकाला सांगितले जाते, आणि तिथे केवळ खून-खराबा असतो. पात्रांना दिसते ते एक, वाचकाला कळते ते दुसरे. विनोद आणि दहशत दोन्ही या एका चौकटीत बसतात. चित्रकथेच्या माध्यमाची ताकद याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही. यातली शॅरन डेव्हिस पुढे डॉक्टरची सोबतीण झाली. कृष्णवर्णीय सोबतीण पडद्यावर येण्याच्या कितीतरी वर्षे आधी चित्रकथेत आली होती.

गिबन्सनंतर १९८४ पासून जॉन रिजवेची बारीक रेघांची, स्वप्नवत चित्रे आली आणि त्यांच्याबरोबर फ्रॉबिशर: हवे ते रूप घेणारा, पण पेंग्विन होऊनच वावरणारा गुप्तहेर. ग्रँट मॉरिसननेही या दशकात काही कथा लिहिल्या.

६ डिसेंबर १९८९ रोजी मूळ मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला आणि पडदा काळा झाला. १९९६ मध्ये पॉल मॅगॅनचा आठवा डॉक्टर एका दूरचित्रपटापुरता आला आणि गेला. मासिकातल्या चित्रकथेत मात्र तोच डॉक्टर १९९६ ते २००५ असा मुक्काम ठोकून राहिला. अ‍ॅलन बार्न्ससारखे लेखक, मार्टिन जेराटीसारखे चित्रकार आणि इझी ही चित्रकथेचीच सोबतीण, यांच्या जोरावर हा काळ चित्रकथामालिकेतला सर्वांत सलग आणि माझ्या मते सर्वांत सरस ठरला. पडद्याकडे बघून पावले टाकायची नसल्यामुळे पात्रे बदलू शकली, मरू शकली. १९९८ मध्ये तर डॉक्टरने नवा चेहरा घेतल्याचे चक्क छापले गेले. नट निकोलस ब्रिग्जच्या चेहऱ्याचा हा ‘नववा डॉक्टर’ काही अंक मिरवला आणि मग सगळी शत्रूला दिलेली हूल होती असे उघड झाले. वाचकही त्यात आलेच.

२००५ मध्ये मालिका परतली. निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी आठव्या डॉक्टरचे खरे रूपांतर चित्रकथेत दाखवायची मुभा दिली होती; मात्र नव्या डॉक्टरला रोझ या पडद्यावरच्या सोबतिणीशिवाय वापरायचे नाही, या बंधनामुळे संपादकांनी तो मान नाकारला. ‘द फ्लड’ या कथेत डॉक्टर आपल्या जुन्याच चेहऱ्याने निघून जातो. पडद्यावर रूपांतराचा तो क्षण दिसायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला.

तेव्हापासून ओघ उलटाही वाहू लागला. गॅरेथ रॉबर्ट्‌सची २००६ मधली ‘द लॉजर’ ही चित्रकथा २०१० मध्ये मालिकेचा भाग झाली. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी साठाव्या वर्षानिमित्त ‘द स्टार बीस्ट’ पडद्यावर आली, तीही मिल्स आणि गिबन्स यांना श्रेय देऊन.

मासिकाबाहेर टायटन कॉमिक्सने २०१४ पासून स्वतंत्र मालिका काढल्या. रॉबी मॉरिसन आणि डेव्ह टेलर यांची ‘द स्वोर्ड्‌स ऑफ काली’ ही बाराव्या डॉक्टरची कथा मराठी वाचकाला मुद्दाम पाहण्याजोगी: भूतकाळातला हिंदुस्थान, चोविसाव्या शतकातली मुंबई आणि सत्तेची भयंकर किंमत देणारे सिंदिया घराणे. डॉक्टरच्या जुन्या मित्राचे नाव टायगर मराठा! नावे परदेशी चष्म्यातून निवडलेली आहेत हे लगेच कळते आणि कालीचे भयरूप तर पाश्चात्त्य साहसकथांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पण अवकाशाकडे झेपावणारी भविष्यातली मुंबई टेलरने मन लावून रेखाटली आहे.