नाडीचं कूळ

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ हेमाडपंती. हेमाडपंत म्हटलं की आपल्याला दगडी देवळं आठवतात, फार तर मोडी लिपी. पण देवगिरीच्या यादवांचा हा करणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, वैद्यकाचाही जाणकार होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यानं ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. हे कळलं तेव्हा मी मूळ ग्रंथात मनगटाची नाडी शोधू लागलो आणि चकित झालो. रोगी पाहून, स्पर्श करून, प्रश्न विचारून तपासावा, एवढंच वाग्भट सांगतो. नाडीपरीक्षा तिथं नाही. चरकात नाही, सुश्रुतातही नाही.

ती स्पष्टपणे दिसते ती शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे इ.स. 1300च्या आसपास. हेमाडपंताच्याच आश्रयाला असलेल्या बोपदेवानं या संहितेवर टीका लिहिली असं सांगतात. तसं असेल तर नाडीपरीक्षेचा हा पहिला ग्रंथ यादवांच्या दरबारात वाचला जात होता. त्याच सुमारास, 1270 साली, हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते नामदेव जन्मले आणि 1290 साली ज्ञानेश्वरी झाली.

इतक्या उशिरा ही नाडीची विद्या आली कुठून? पहिलं मत युनानीचं. हकीम नब्ज, म्हणजे नाडीच, पाहतात आणि तिच्या चालीला हरणाची, मुंगीची, अळीची उपमा देतात. हे थेट ग्रीक गालेनपासून चालत आलं आहे. शार्ङ्गधरही वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी आणि कफाची हंस-पारव्यासारखी चालते म्हणतो. शिवाय त्याच्या ग्रंथात अफू आहे, आणि अफू आपल्याकडे आली ती अरबांच्या वाटेनं. मत वजनदार आहे. तरी मला ते अर्धंच पटतं. प्राण्यांची कल्पना उचलली असेल, पण प्राणी जुळत नाहीत, आणि वात-पित्त-कफाची मांडणी तर पूर्ण इथली. दुसरं मत चीनचं, कारण तिथंही मनगटावर तीन बोटं तीन जागी ठेवतात. पण एकेका बोटाखाली एकेक दोष ही वाटणी आपल्याकडे शार्ङ्गधरानंतरच्या ग्रंथांत येते, म्हणून ते मी बाजूला ठेवतो.

माझा कौल नाथपंथी योग्यांना आहे. ‘नाडी’चं मूळ ‘नड’ म्हणजे बोरू. नळ, नळी, नाळ ही सगळी त्याच गोतातली. सुश्रुताच्या लेखी नाडी म्हणजे कुठलीही नळी: नाडीयंत्र, नाडीव्रण. ठोका देणाऱ्या वाहिनीला जुने वैद्य धमनी म्हणत, आणि तो शब्द चरक ‘फुंकणे’ या धातूवरून लावतो. नाडीतून प्राण वाहतो ही भाषा योग्यांची: इडा, पिंगळा, सुषुम्ना. आता शार्ङ्गधर पाहा. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या ‘जीवसाक्षिणी’ला तो आधी धमनी म्हणतो आणि पुढच्याच श्लोकापासून नाडी. श्वासाचं वर्णनही तो हृदयकमळाला स्पर्श करून बाहेर अमृत प्यायला जाणारा वारा, असं खास योग्याच्या थाटात करतो. वैद्याचा आणि योग्याचा सांधा इथंच जुळला, असं माझं ठाम मत आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर नाथपरंपरेतले, आणि त्यांची भेट परंपरेनं औंढ्यालाच सांगितली जाते. म्हणजे ही हवा या मुलखात भरपूर खेळत होती.

नाडी पाहताना बोटाला लागतं ते काय? ते हृदयातून नुकतं निघालेलं रक्त नव्हे. ठोक्याची लाट धमनीच्या भिंतीतून सेकंदाला कित्येक मीटर धावते. रक्त मागून बरंच सावकाश येतं. फुंकरीवरून पडलेलं धमनी हे नाव म्हणूनच मला फार नेमकं वाटतं.

मग हे रक्त जातं कुठं? भेलसंहिता या जुन्या वैद्यकग्रंथात रस हृदयातून निघतो आणि शिरांवाटे हृदयात परततो, असं वचन आहे. तेवढ्यावर रक्ताभिसरणाचा शोध आपला म्हणणं मला मान्य नाही. 1628 साली विल्यम हार्वेनं मोजलं. कमीत कमी धरलं तरी अर्ध्या तासात हृदय सबंध शरीरात आहे त्याहून जास्त रक्त फेकतं. इतकं नवं रक्त अन्नातून होणं शक्य नाही, म्हणजे तेच फिरून येतं. आजचा हिशेब मिनिटाला सुमारे 5 लिटरचा, म्हणजे जवळजवळ सगळंच रक्त. हार्वेचा दुसरा पुरावा घरीही पाहता येतो. दंडाला हलका फडका बांधा, हातावरची फुगलेली शीर एका बोटानं दाबा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे निपटा. मधला भाग रिकामाच राहतो. गाठीतली झडप वरचं रक्त खाली येऊ देत नाही. पहिलं बोट उचललं की शीर खालून भरते. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वेला दिसल्या नाहीत. त्या 1661 साली माल्पिघीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

हिंगोली 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्यात युनानीला राजाश्रय होता. वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या जुन्या वैद्य-हकिमांच्या घरी नाडीची किंवा नब्जची मोडी, फारसी, उर्दू बाडं असतील तर ती रद्दीत घालू नका. जाणकाराकडून वाचून घ्या, आणि तिथं धमनी लिहिलंय, नाडी की नब्ज, तेवढं आधी बघा.