रडार आणि बिनतारी जाळे : एका सामायिक पट्ट्याचा इतिहास

बिनतारी संगणकजाळ्यांच्या इतिहासात १९८५ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात घ्यावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने काही वारंवारता-पट्टे विनापरवाना वापरास खुले केले. वाय-फायचे मूळ या निर्णयात आहे. त्याच वर्षी २ ऑगस्टला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरू पाहणारे डेल्टा कंपनीचे विमान वादळी ढगातून वेगाने खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात सापडले व १३७ जणांचा मृत्यू झाला. या अपघातानंतर असे वारे टिपणारी डॉप्लर रडारे अमेरिकेतील अनेक विमानतळांजवळ उभी राहिली. ती ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झमध्ये चालतात. वाय-फायला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा तिचा विस्तार नेमका याच परिसरात झाला.

२००३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने यावर तोड काढली. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे बिनतारी जाळ्यांना मिळाले, मात्र रडारचा अग्रहक्क अबाधित राहिला. उपकरणाने प्रक्षेपणापूर्वी ६० सेकंद कानोसा घ्यावा, रडारचे स्पंद आढळल्यास १० सेकंदांत वाहिनी सोडावी आणि ३० मिनिटे तिकडे फिरकू नये, असा दंडक ठरला. हवामान रडारच्या वाहिन्यांसाठी युरोपने कानोशाची मुदत १० मिनिटे केली. (राउटर सुरू करूनही जाळे काही काळ दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.)

परवानापद्धतीत शासनाला वापरणारा ठाऊक असतो. येथे सारी भिस्त यंत्राच्या ऐकण्यावर होती. ही व्यवस्था कल्पक होती, पण तिने माणसाला गृहीत धरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. २००९ च्या प्रारंभी पोर्टो रिकोतील सॅन हुआन येथील विमानतळ-रडारमध्ये व्यत्यय आढळला. पुढील तपासांत दूर अंतरावर इंटरनेट पुरविणारी, उंचावर बसविलेली उपकरणे समोर आली. काहींतील रडारशोधाची सोय चक्क बंद केलेली होती. संबंधितांना दंड झाले.

२०१४ मध्ये कमिशनने उत्पादकांवरच जबाबदारी टाकली : उपकरणाची आज्ञावली ग्राहकास बदलता येऊ नये. त्यावर मुक्त आज्ञावलीचे पुरस्कर्ते खवळले, आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता; रेडिओला कुलूप लावताना उत्पादक संपूर्ण राउटरच बंदिस्त करतील, ही भीती रास्त होती. अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये कमिशनला खुलासा करावा लागला की, निर्बंध रेडिओच्या मर्यादा ओलांडणाऱ्या बदलांपुरता आहे. मुक्त आज्ञावलीवर सरसकट बंदी अभिप्रेत नाही.