वर्गातली मागची रांग

श्रोतेहो, शिक्षणावर बोलण्याचा आमचा अधिकार मुळात तोकडा. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिकणे झाले ते युनियनच्या कचेरीत, न वाचता येणाऱ्या कामगारांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवता दाखवता. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण गेल्या हिवाळ्यात एका मुलीने आम्हाला एक प्रश्न विचारला. आमच्या एका जुन्या सोबत्याची ही लेक, लातूरला शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम करते. उदगीर तालुक्यातल्या एका शाळेत तिचे सराव पाठ चालू होते. पाठ टाचण पुढे ठेवून ती म्हणाली, "काका, मुलांनी स्वतःच्या मनाने लिहावं असं पुस्तकात सांगतात. अन् खरंच तसं लिहिलं तर मी लाल शाई फिरवायची. हे कसं?"

उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. पण मागची रांग आमच्या ओळखीची आहे, आणि मराठवाड्यात या रांगेला इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. लातूर हे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. स्वतंत्र जिल्हा व्हायला 16 ऑगस्ट 1982 उजाडावा लागला. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथले वरचे शिक्षण उर्दूतून सुरू झाले. हा प्रयोग लहान नव्हता, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. बाकीचा हिंदुस्थान इंग्रजीतून पदव्या घेत असता येथे शास्त्राची व वैद्यकाची पुस्तके एका देशी भाषेत आणली जात होती. त्यासाठी भाषांतराचे वेगळे खाते उघडले होते. पण ज्या घरात मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलत, त्या घरच्या मुलाला ही देशी भाषाही परकीच. घरी जे बोलायचे ते शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा धडा आमच्या आजोबांच्या पिढीने पहिल्या दिवशी घेतला. 1948 च्या सप्टेंबरात राज्य गेले आणि पारडे फिरले. मग दखनी बोलणारी मुले मागच्या रांगेत गेली. रांग मात्र उठली नाही!

या व्यवस्थेला पहिला धक्का एका आडगावाने दिला. 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारमान्यता नाही, म्हणजे तिथल्या शिकण्याला बाजारात भाव नाही. तरी मुले आली. 1929 साली या शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. ते आधी दिल्लीत कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे सचिव होते. आमच्या धंद्याचा माणूस शाळामास्तर झाला, याचा आम्हाला उगाच अभिमान वाटतो. (नंतर कळले की प्रकृती साफ ढासळल्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले होते, पण अभिमान काही कमी झाला नाही.) 1930 च्या जानेवारीत त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामीजी म्हटले की आपल्याला 1938 चा सत्याग्रह आणि तुरुंग आठवतो. पण त्या लढ्याआधीची कितीतरी वर्षे हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या वर्गात गेली, हे आपण विसरतो. ज्या प्रमाणपत्राला किंमत नाही ते घ्यायला मुले येतात, तेव्हा मास्तरला धाक दाखवायला काही उरतच नाही. मुलाला ओढून धरील असे शिकवणे एवढेच त्याच्या हाती राहते.

स्वातंत्र्यानंतर याच मंडळींनी 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज काढले. आता नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांकडे वळू. आम्ही त्यांना पाहिलेले नाही. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे प्राण गेले, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. 1932 साली जन्मलेला हा माणूस हैदराबादेत कॉलेजात असता इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झाला. वाचन दांडगे, पण परीक्षेत मागितलेले उत्तर लिहिणे जमेना. आजच्या हिशेबाने त्यांचे नाव तेव्हाच खोडले गेले असते. पण 1955 साली नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेने त्यांना शिक्षक म्हणून घेतले. ती शाळा त्यांच्या हाताशी असलेल्या कागदाकडे पाहत बसली असती तर? पुढे पदव्या झाल्या, पीपल्स कॉलेजात अध्यापक, मग प्राचार्य. मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत त्यांनी लिहिले. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला जी प्रस्तावना आहे, ती त्यांनी देसाईंना लिहिलेले पत्र आहे. ऐतिहासिक कादंबरी कशी असावी याची चर्चा अशी पत्रातून करणारा हा माणूस परीक्षेच्या तीन तासांत मावला नाही, यात नवल कसले?

आता लातूरकर श्रोते म्हणतील, आमच्या 'लातूर पॅटर्न'वर तुम्ही घसरणार. तसे नाही. मागासलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या या भागातली शेतकऱ्यांची मुले जादा तासांच्या आणि सराव परीक्षांच्या बळावर डॉक्टर, इंजिनिअर झाली. पुण्या-मुंबईची मक्तेदारी त्यांनी मोडली. ही कमाई लहान नाही. पण आम्ही उक्त्या कामाचे भांडण आयुष्यभर केले आहे. नगामागे पैसे लावले की कामगार नग मोजू लागतो, आणि नग मोजणारा मुकादम कामगाराचे तोंड पाहत नाही. गुणांचेही तसेच होते. ज्याचे नग भरत नाहीत त्याला मागे बसवतात, आणि तो शिकत का नाही हे कोणी विचारीत नाही.

आमचे स्वतःचेच घ्या. सातवीत 'माझी आई' हा निबंध होता. मास्तरांनी फळ्यावर नमुना लिहून दिला होता: आई पहाटे उठते, सडा घालते, देवपूजा करते. आमची आई जिनिंगमध्ये कामाला. संध्याकाळी घरी यायची तेव्हा कापसाच्या तुसाने तिचे केस पांढरे झालेले असत. आम्ही ते झटकायचो आणि आई पुन्हा तरुण व्हायची. आम्ही ते लिहिले. मास्तरांनी पानावर आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "हे निबंधात येत नाही." मास्तर वाईट नव्हते. साठ मुले, एक फळा, वरून तपासणी. पण त्यानंतर आम्ही वहीत आपले असे काही लिहिले नाही, आणि वर्ष संपता संपता शाळाही सोडली.

हे सारे त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, तिच्याही वर्गात हाच विषय होता. तांड्यावरच्या एका पोराने सबंध पानभर आईला 'याडी' लिहिले होते, आणि मार्गदर्शकांनी प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल करून ठेवला होता. आम्ही म्हटले, "पोरी, आम्ही काही मास्तर नव्हे. पण तो शब्द खोडायच्या आधी त्याला एकदा फळ्यावर लिहून बघ."

आठ दिवसांनी तिचा फोन आला. तिने फळ्याच्या मधोमध 'याडी' लिहिले आणि घरी आईला काय म्हणता असे वर्गाला विचारले. आधी कोणी बोलेना. मग एक मुलगी 'अम्मी' म्हणाली. सीमेपलीकडून आजोळी शिकायला आलेल्या एकाने 'अव्वा' सांगितले. 'आय' आली, 'माय' आली. फळा भरला. मग तिने 'आई' हा पुस्तकातला शब्द लिहिला आणि परीक्षेत कोणता लिहायचा हेही सांगितले. तांड्यावरचा पोरगा त्या दिवशी स्वतःहून पुढच्या बाकावर येऊन बसला.

टाचणात हे काहीच नव्हते, म्हणून त्या पाठाचे तिचे गुण कापले गेले. पुढचा पाठ अपूर्णांकांचा आहे. त्यासाठी घरून एक भाकरी नेऊ का, असे ती विचारत होती.