लो हॅम्पटनचा शेतकरी

बाप्टिस्ट हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी पडले ते बंगालमधील श्रीरामपूरच्या विल्यम केरीमुळे. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा हा मिशनरी इंग्लंडात जोडे शिवणारा कारागीर होता. आज आम्ही लिहीत आहोत ते त्याच पंथातील दुसऱ्या एका विल्यमविषयी. हा अमेरिकेतला शेतकरी. त्याचे नाव विल्यम मिलर.

बाप्टिस्ट मंडळी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात माणसाने स्वतः श्रद्धा कबूल करावी आणि मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असा त्यांचा नेम. प्रत्येक मंडळी आपल्या घरची धनी. त्यामुळे नांगर धरणारा माणूसही व्यासपीठावर उभा राहू शकतो. मिलरचे आयुष्य समजण्यास ही एवढी गोष्ट ध्यानात असली म्हणजे पुरे.

त्याचा जन्म १७८२चा. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पूर्व सीमेवर लो हॅम्पटन येथे येऊन शेती करू लागले. आजोबा बाप्टिस्ट उपदेशक, चुलताही उपदेशक. मुलाला वाचनाचे वेड. रात्री चुलीच्या उजेडात पुस्तके वाचायची. लग्नानंतर शेजारच्या व्हर्माँट राज्यात पोल्टनीस तो राहिला आणि तेथे व्हॉल्टेर, ह्यूम, पेन यांची पुस्तके त्याच्या हाती पडली. देव असेल, पण तो जगाच्या कारभारात लक्ष घालीत नाही, असे त्याचे मत झाले. आजोबांच्या आणि चुलत्याच्या उपदेशाची हुबेहूब नक्कल करून तो मित्रांना हसवी. घरातल्या देवघराची थट्टा करणारा हुशार तरुण आपल्याही घराण्यांतून आढळतोच!

१८१४च्या सप्टेंबरात प्लॅट्सबर्गच्या लढाईत तो कप्तान होता. इंग्रजांचे सैन्य कितीतरी मोठे, तरी जय अमेरिकनांचा झाला. ह्यामागे माणसाहून मोठा हात असावा, ही शंका त्याच्या मनात शिरली ती तेथे. युद्ध संपल्यावर तो लो हॅम्पटनला परतला आणि १८१५ मध्ये त्याने घर बांधले. गावच्या मंडळीत उपदेशक नसेल त्या दिवशी छापील प्रवचन वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे येई. १८१६ साली असेच एक प्रवचन वाचता वाचता त्याचा कंठ दाटला आणि पुढे वाचवेना. ज्या पंथाची त्याने टर उडविली, त्याच पंथात तो मनापासून दाखल झाला.

जुन्या मित्रांनी साहजिकच विचारले की, तुझ्याच जुन्या आक्षेपांना आता तू काय उत्तर देणार? मिलरने उत्तर शोधले ते शेतकऱ्याच्या चिकाटीने. बायबल आणि क्रुडेनची शब्दसूची एवढीच सामग्री घेऊन तो दोन वर्षे एकेक ओळ पाहत गेला. दानीएलाच्या ग्रंथात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरावे आणि यरुशलेम पुन्हा उभारण्याची इराणी राजाची आज्ञा ख्रिस्तपूर्व ४५७ची मानावी, तर २३०० मधून ४५७ वजा जाता १८४३ उरतात. सुमारे त्या वर्षी ख्रिस्त परत येईल, असा निष्कर्ष त्याने १८१८ मध्ये काढला.

आणि मग तो तेरा वर्षे जवळजवळ गप्प राहिला. आम्हांस ह्या माणसाविषयी आदर वाटतो तो ह्या मौनामुळे. लोकांना सांग, असे आतून कोणीतरी म्हणे. मी वक्ता नव्हे, असे तो उत्तर देई. १८३१च्या ऑगस्टमध्ये त्याने देवाशी करार केला की, कोणी बोलावले तर जाईन. कोण बोलावणार, ही मनात खात्री! अर्ध्या तासात ड्रेस्डेनहून भाचा निरोप घेऊन आला की, उद्या आमच्याकडे येऊन बोला. मिलर रागाने घराबाहेर पडून मेपलच्या राईत गेला, स्वतःशी झगडला, आणि अखेर निघाला.

पुढे १८३३ मध्ये बाप्टिस्टांनी त्याला उपदेशाचा परवाना दिला. स्वतःच्या पदरचे पैसे मोडून तो गावोगाव फिरला. १८३९ नंतर जोशुआ हाइम्स ह्या बॉस्टनच्या खटपटी उपदेशकाने वर्तमानपत्र काढून त्याचे नाव देशभर केले. १८४३चा धूमकेतू तर दिवसाही दिसला. मग आणखी काय हवे?

१८४४चा मार्च उलटला, काही झाले नाही. मिलरने चूक जाहीरपणे मान्य केली. ख्रिस्तपूर्व १ नंतर लगेच इसवी सन १ येतो, मध्ये शून्य साल नाही, ह्या कारणानेही हिशेब पुढे सरकत होता. सॅम्युएल स्नो ह्या अनुयायाने २२ ऑक्टोबर १८४४ हा नेमका दिवस काढला. नेमक्या दिवसाला मिलर कचरत होता. ऑक्टोबरच्या आरंभी तोही वश झाला. काहींनी उभी पिके शेतातच सोडली. १९६२च्या अष्टग्रहीत आपल्याकडे झालेले जपहोम पाहिलेल्यांना ह्या वातावरणाची कल्पना येईल. फरक एवढाच की आपल्याकडे भय होते, तेथे आनंदाने वाट पाहणे होते. लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर चढले, ही मात्र विरोधकांनी पसरविलेली कथा. तिला पुरावा नाही.

तेवीस तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. थट्टेला पारावार राहिला नाही. मिलरने दुसरी तारीख काढली नाही. आता आपला नेमलेला दिवस 'आज' हाच, असे त्याने नोव्हेंबरात हाइम्सला कळविले. १८४५ मध्ये त्याच्या स्वतःच्या बाप्टिस्ट मंडळीने त्याला बाहेर काढले. त्याच वर्षी त्याने आपली कैफियत छापून गणितातील चूक कबूल केली. श्रद्धा मात्र सोडली नाही. ह्या दोन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी साधणे सोपे नव्हे.

पुण्यातील स्पायसर ही संस्था ज्या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची, तो ह्याच चळवळीतून निघाला आणि १८६३ मध्ये संघटित झाला. मिलर तो पाहण्यास उरला नव्हता. १८४८ मध्ये त्याने घराशेजारी लहानसे प्रार्थनागृह उभारले. तोवर दृष्टी अधू होत चालली होती. १८४९च्या डिसेंबरात हाइम्स अखेरच्या भेटीस आला, तेव्हा मिलरने त्याला ओळखले. २० तारखेस तो गेला.