तुर्भ्याच्या पूर्णिमेपासून कल्पाक्कमच्या कामिनीपर्यंत

सोडियमने थंड ठेवल्या जाणाऱ्या अणुभट्टीचे वय तपासणे कठीण असते, कारण सुमारे 98 अंश सेल्सिअसला वितळणारा हा धातू उष्णता उत्तम वाहून नेत असला, तरी तो अपारदर्शक असतो आणि तापलेला असताना हवा लागताच पेट घेतो, त्यामुळे झाकण काढून आत डोकावता येत नाही. साहजिकच विनाशरहित तपासणीला, म्हणजे वस्तू न कापता-न फोडता तिच्यातील दोष ओळखण्याच्या विद्येला, येथे असाधारण महत्त्व आले.

कल्पाक्कमची जलद प्रजनक चाचणी अणुभट्टी फ्रान्सच्या राप्सोदी या अणुभट्टीच्या धर्तीवर उभी राहून ऑक्टोबर 1985 मध्ये सुरू झाली. मे 1987 मध्ये इंधन हलवताना एक इंधन-जुळणी नळीबाहेर आलेली असतानाच वरचे झाकण फिरवले गेले, मार्गदर्शक नळी वाकली आणि भट्टी पूर्ववत होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. सोडियमखालची वस्तू न दिसण्याची किंमत तेव्हा कळली. पुढच्या भट्ट्यांसाठी सोडियमखाली ध्वनातीत लहरींनी चाचपणारी उपकरणे घडली.

कल्पाक्कमच्या या चाचणी भट्टीचे प्लुटोनियम-युरेनियम कार्बाइडचे इंधन मुंबईतील तुर्भे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाले. अशा इंधनाचा पूर्वानुभव फारसा नसल्याने त्यातून प्रतिटन 25,000 मेगावॉट-दिवस इतकीच ऊर्जा काढायची अशी सावध मर्यादा घातली गेली आणि वापरलेल्या कांड्या तपासत ती टप्प्याटप्प्याने वाढत 1,65,000 पर्यंत गेली. या तपासणीतील एक साधनही तुर्भ्याच्याच परंपरेतले होते. तेथे 1972 मध्ये पूर्णिमा ही नाममात्र शक्तीची जलद अणुभट्टी चालू झाली होती. त्याच मालिकेतील 1990 च्या पूर्णिमा-3 मध्ये युरेनियम-233 चे इंधन पारखून कल्पाक्कमला 30 किलोवॉटची कामिनी ही अणुभट्टी 1996 मध्ये उभारली गेली. वापरलेली कांडी स्वतःच गॅमा किरण फेकत असल्याने साध्या क्ष-किरण चित्राची फिल्म काळवंडते. कामिनीतील न्यूट्रॉन मात्र कांडीतून पार होऊन डिस्प्रोशियमच्या पत्र्यावर ठसा उमटवतात आणि तो नंतर फिल्मवर उतरवता येतो. अणुऊर्जेच्या लोकप्रिय इतिहासात या छोट्या भट्टीला फारशी जागा मिळत नाही, हे अन्यायाचे आहे.

इंधन बदलता येते, पण ज्या जाड पोलादी तळपट्टावर ते उभे असते तो बदलणे जवळपास अशक्य, म्हणून जलद प्रजनक चाचणी भट्टीचे उरलेले आयुष्य त्या पट्टावर आदळलेल्या न्यूट्रॉनांच्या हिशेबावरून ठरवले जाते. ही भट्टी आपल्या संकल्पित 40 मेगावॉट औष्णिक शक्तीपर्यंत पोहोचली ती मार्च 2022 मध्ये.